आईंच्या डोळ्यांची परीक्षा

१२ ऑगस्ट, मंगळवार

आईंना दिसायला लागलं. आता माझं काही खरं नाही!

मोतीबिंदू काढून डोळे बरे झाले होतेच, आज चष्मा दिला. दुकानात मी रोज लोकांचे चष्मे करते, पण सासूचा चष्मा दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. काच स्वतः कापली, कडा स्वतः घासल्या, नाकावरच्या गाद्या बदलून पाहिल्या. मालककाका म्हणाले, "प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढा वेळ लावलास तर आपण भीक मागू."

चष्मा लावून आईंनी पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं काहीतरी छान बोलणार. "हे केस कधी पांढरे झाले गं?" म्हणे.

येताना बसमध्ये प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. 'भाड्याने देणे आहे.' 'येथे गाड्या लावू नयेत.' 'दातांची कवळी एका दिवसात.' समोरचा माणूस हसायला लागला तर त्याच्या सदऱ्यावर काय छापलंय तेही वाचून दाखवलं. घरी आल्या आल्या छताकडे बोट. "सूनबाई, जाळी." दोन वर्षं या घरात जाळी नव्हती, आज एका दिवसात उगवली.

आईंच्या लेकाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोन वर्षांपूर्वी घर सोडलं. माझ्याशी पटत नाही म्हणून. घटस्फोटाचे कागद अजून कुठल्यातरी टेबलावर पडलेत. जाताना त्याने आईंनाही 'चल' म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "माझं कपाट इथे आहे." बस, एवढंच कारण दिलं. मी पुढे कधी विचारलं नाही, न जाणो, विचार बदलला तर!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

माझा जुना फोन आईंना देऊन टाकला, नंबरासकट. दुकानाने मला नवा दिलाय. आईंना आकडे मोठे करून दिले. आता ज्याला त्याला, लेकालासुद्धा, फोन लावून सांगतात, "मला दिसतं बरं का." कोपऱ्यावरच्या वाण्यालाही लावला. तो म्हणाला, "काकू, माल काय पाठवू?" म्हणे, "काही नको, फक्त सांगायला केला."

७ सप्टेंबर, रविवार

लेकाचा फोन आला. आईंना. किती महिन्यांनी!

लग्नानंतर बारा वर्षं मी त्याला 'हे' म्हणत होते, गेल्यापासून 'तो' झाला. पण खोटं कशाला लिहू, आवाज ऐकून माझाही हात भांड्यात थांबला. आई ऐकू येत नसल्यासारख्या फोन मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे सगळं घर ऐकतं. "आई, नवा चष्मा कसा आहे? थांब, तुझी परीक्षाच घेतो. मी आकडे पाठवतो, वाच बरं." फोन किणकिणला. आईंनी पाठ सरळ केली, चष्मा नाकावर घट्ट बसवला, आणि शाळेतल्या पोरीसारखे एकेक आकडे वाचले. "शाब्बास. शंभरपैकी शंभर." आईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण म्हातारीला हसवतोय ना, मग बोल बाबा गोड.

२ ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षा आता आठवड्यातून दोनदोनदा. आई सकाळपासून चष्मा पुसून तयार. फोनमध्ये मेसेज साठले की तो मंद होतो, म्हणून वाचून झाले की लगेच पुसून टाक, असंही लेकाने शिकवलंय. आई आज्ञाधारक. माझं एवढं ऐकलं असतं तर औषधं वेळेवर झाली असती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईंच्या वाढदिवसाला लेकाकडून खोकं आलं. पाय दाबायचं यंत्र! दोन पाय आत घालायचे, बटण दाबायचं, घुर्रर्र. शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "लेक दूर असून केवढी काळजी." आईंनी नुसती मान हलवली, पण ती मान आज दोन बोटं उंच होती.

मी दुकानातून आले. दिवसभर उभी राहून पायांचे गोळे झालेले. म्हणाल्या, "घाल पाय. लाजतेस काय? सून आहेस की पाहुणी?" घातले. आवडलं. त्याच्यावर रागावलेली असूनसुद्धा आवडलं.

६ जानेवारी, मंगळवार

काकांनी आज शटर ओढता ओढता सांगितलं. "माझे गुडघे संपले. दुकान तू घे. बाहेरच्याला विकायचं जिवावर येतं. बँकेतून कर्ज काढ, बाकीचं आपण बघू."

पंधरा वर्षं त्या काउंटरमागे उभी आहे. लोक येतात, डोळे बारीक करून येतात, आणि जाताना सरळ बघत जातात. मला दुसरं काही करावंसं वाटलंच नाही कधी.

आईंना सांगितलं. म्हणाल्या, "पाटीवर अक्षरं मोठी काढ. म्हाताऱ्या माणसांनी चष्मा नसताना दुकान शोधायचं असतं." काका एवढी वर्षं धंदा करतायत, त्यांना हे सुचलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

कर्ज नाकारलं.

बँकेतली बाई पडद्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या कार्डाचे हप्ते थकलेत ना." मी म्हटलं, माझ्याकडे एकच कार्ड आहे, तेही पाकिटात झोपलेलं. तिने पडदा माझ्याकडे फिरवला. नाव माझं. जन्मतारीख माझी. पत्ता त्याचा.

माझे कागद त्याच्याकडे राहिले होते. पगाराच्या पावत्या, ओळखपत्राची प्रत, सगळं एका फायलीत. तो गेला तेव्हा मी त्याचे शर्ट मोजत बसले होते, कुठला कुठला नेला ते! फाइल गेलेली कळलीच नाही. शहाणी कुठली.

बाई चांगली होती. पाणी दिलं. म्हणाली, "अहो, नवरा-बायकोत हे फार होतं." त्यात मला बरं वाटण्यासारखं काय होतं, देव जाणे. कार्ड तिथल्या तिथे थांबवलं. सगळा खर्च छापून शुक्रवारी देते म्हणाली.

घरी आईंनी विचारलं, "झालं का काम?" मी म्हटलं, "कागद कमी पडले."

१६ जानेवारी, शुक्रवार

कागद घेऊन बँकेबाहेरच्या बाकावर बसले. टायर. हॉटेल. पुन्हा हॉटेल. बूट, तेही महागातले. आणि मध्येच, नोव्हेंबरात — पाय दाबायचं यंत्र.

मला हसूच आलं. एकटीच हसत बसले, शेजारचा माणूस उठून गेला. दोन महिने माझ्याच कर्जावर पाय दाबून घेतेय मी.

मग आत जाऊन बाईला विचारलं, एवढे खर्च माझ्या नावावर झाले आणि मला कधी कळलं कसं नाही? ती म्हणाली, "प्रत्येक खर्चाला तुमच्या फोनवर आकड्यांचा कोड जातो. तो कोणीतरी सांगितल्याशिवाय खर्च होतच नाही. हा बघा नंबर."

माझा जुना नंबर. आईंचा फोन.

त्यापुढचं काही आठवत नाही. घरी पोचले एवढं खरं. आई दारातच. "आज लवकर? बरं झालं. बाळाचा फोन येऊन गेला. पण आज आकडेच आले नाहीत गं, तोच गोंधळला बिचारा."

१८ जानेवारी, रविवार

दोन दिवस आईंच्या तोंडाकडे बघवत नाहीये.

राग येतो तो त्याच्यावर. पैशांसाठी नाही, म्हणजे पैशांसाठीही येतोच, पण माझ्या हाताने केलेल्या चष्म्यातून, त्यांच्याच डोळ्यांनी, त्यांच्याच तोंडून! आईची परीक्षा म्हणे! लहानपणी या बाईने ताटातलं काढून याला भरवलं. असा राग येतो की त्याचा फोन माझ्या हातात आला तर काय बोलेन सांगता येत नाही.

आणि तिकडे आई चष्मा पुसून, फोन मांडीवर घेऊन, खिडकीत बसलेल्या. "आज रविवार. आज करेल." त्याने केला नाही. कार्ड थांबलंय, आता कशाला करतोय.

१९ जानेवारी, सोमवार

बँकेतल्या बाईने समजावून सांगितलं. तक्रार लिहून द्यायची. कोड कोणी वाचून दाखवला, कोणाला, का, ते त्या माणसाने स्वतः येऊन सांगायचं. तसा जबाब दिला तर कार्ड माझं नव्हतं हे सिद्ध होतं, कर्ज माझ्या अंगावरून उतरतं, दुकान मिळतं. जबाब नसेल तर बँक म्हणणार, कोड तुमच्याच फोनवर आला, म्हणजे तुम्हीच दिलात. मग भरा.

म्हणजे आईंना सांगायचं, की लेक तुमची चौकशी करायला फोन करत नव्हता, चोरी करायला करत होता. आणि मग त्यांना हाताला धरून न्यायचं, बोला म्हणायचं, लेकाच्या विरुद्ध.

मी आईंना ओळखते. पूर्वी एकदा त्याने पलीकडच्या गल्लीतल्या एकाकडून उसने घेऊन बुडवले होते. आई त्या गल्लीतून जायच्या बंद झाल्या. आजतागायत लांबून वळसा घालून जातात. हे कळलं तर माझ्यासमोर कशा बसतील? बसणारच नाहीत. वन्संकडे निघून जातील. वन्सं तर टपूनच बसल्यात, "आईला इकडे पाठव, लोक काय म्हणतात, लेक गेला आणि आई सुनेकडे." आई जातील. कपाटासकट जातील.

बाई आणखी एक म्हणाली. "तो नंबर आधी बदलून घ्या. त्याच नंबरवर कोड मागवून कार्ड परत चालू करायला बघतील." मी म्हटलं, हो, करते.

२२ जानेवारी, गुरुवार

नंबर बदलला नाही.

बदलला की त्या फोनवर कोड येणं बंद. कोड बंद की लेक बंद. एवढा साधा हिशेब आहे. आजही आई म्हणाल्या, "रागावला असेल का गं? गेल्या वेळी माझ्याकडून आकडे वाचले गेले नाहीत म्हणून?" आता काय उत्तर द्यावं माणसाने! म्हटलं, "कामात असेल." चोराची वकिली करतेय मी. चांगलंच आहे.

२५ जानेवारी, रविवार

ठरवलं. सांगायचं नाही. हप्ते मी फेडते, थोडे थोडे. दुकान जाईल. दुकानं काय, दुसरी असतात.

नाही, नसतात. पण आई तर मुळीच दुसरी नसते. माझी स्वतःची मी कॉलेजात असताना गेली. ही जी मिळालीय ती लग्नात फुकट आलेली, आणि लग्नातलं टिकलेलं हेच एक सामान. हे मी कोणाला देणार नाही.

आज आईंचे केस धुऊन दिले. पाणी कढत म्हणून ओरडल्या. मग गार म्हणून ओरडल्या. मी म्हटलं, "तुम्हाला दिसायला लागलं तेवढं पुरे होतं, जाणवायलाही कशाला लागलं?" हसल्या.

२८ जानेवारी, बुधवार

काकांना काल 'जमणार नाही' सांगितलं होतं. कारण विचारलं तर मी काचा पुसायला घेतल्या. आज हा गृहस्थ गुडघे धरत जिना चढून घरीच आला. मी गॅसपाशी, आई समोर. आणि चहा येईपर्यंतही धीर नाही. "असं कसं जमत नाही? बँकेत माझी ओळख आहे. चौकशी केली मी. तुझ्या नावावर कसलं कार्ड आहे, त्याचं कर्ज आहे म्हणे. तू कधी रिक्षासुद्धा केली नाहीस, कार्ड कुठून आलं? तुझ्या फोनवर कोड जातात म्हणे त्याचे."

मी डोळ्यांनी खुणा करतेय. चष्म्याचं दुकान चालवतात, पण दिसलं तर शपथ.

आईंनी काकांना बिस्किटं पुढे केली. ते गेल्यावर यंत्रात पाय घालून बसल्या. बटण मात्र दाबलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आईंनी विचारलं. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "बाळ वाचायला लावतो ते आकडे कसले असतात गं?"

आता सांगून टाकावं असं ओठांवर आलं. मग त्यांचे हात पाहिले. देठ वेगळे, पानं वेगळी, इतक्या नीट निवडत होत्या.

"जाहिराती असतात हो. कंपन्या पाठवतात. तो तुमची गंमत करतो."

"बरं," म्हणाल्या.

मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. "काडी ढिली झालीय. आवळून दे. बारीक अक्षर वाचताना घसरतो." आवळून दिला. काचाही पुसून दिल्या. पाठीवरून हात फिरवला त्यांनी माझ्या, उगीचच. त्यांची ती सवय नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

त्याचा फोन आला. मी समोरच कपड्यांच्या घड्या घालत होते. "आई, आकडे येतायत बघ. चल, परीक्षा!" फोन किणकिणला.

आईंनी चष्मा काढला, मिटला आणि मांडीवर ठेवला. "दिसत नाही रे बाळा."

"अगं, चष्मा लाव की."

"लावलाय. नाही दिसत."

तो हसला, मग चिडला, मग परत गोड झाला. आई तिन्ही वेळा तेच म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर," आणि फोन ठेवला.

मी एकच घडी पुन्हा पुन्हा घालत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "आकड्यांच्या खाली बारीक लिहिलेलं असतं. 'हा कोणालाही सांगू नका.' दर वेळी वाचलं गं मी. मला वाटलं, पोटचा पोरगा म्हणजे काय कोणी परका?" पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला. "उद्या दुकानातून सुट्टी काढ. बँकेत जायचंय. काय वाचून दाखवलं ते माझ्या तोंडाने सांगते."

मी विचारलं. "आणि मग वन्संकडे जाल?"

"माझं कपाट इथे आहे," म्हणाल्या.